मध्य आणि बाजू

२०१४ च्या जूनमध्ये माझी एक दूरची मावशी गेली. तेराव्याच्या दिवशी तिच्या थोरल्या मुलाने मंडपवाल्याच्या कर्ण्यावर तिच्या ओव्या लावल्या. ओव्या मीच तीन वर्षांपूर्वी तिच्या घरी जाऊन मुद्रित केल्या होत्या. जात्याची घरघर सुरू झाली, बाया पदर सावरून बसल्या, आणि मावशीचा आवाज आला. आवाज तिचाच होता, पण जणू कुणीतरी नळकांड्यातून गात होतं. मध्येच पोकळ, मध्येच घोगरा, आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर ती पोकळी मागेपुढे सरकत होती. मावशीची धाकटी बहीण माझ्या शेजारीच बसली होती. तिने दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाली, "ही ती न्हवं."

हा लेख त्या तीन शब्दांमुळे सुरू झाला. ध्वनिशास्त्रात माझं शिक्षण शून्य आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पाटबंधारे खात्यात तीस वर्षं हिशेब लिहिले. ओव्या, पाळणे, डहाके जमवण्याचा नाद पुढे लागला आणि त्यासाठी माळ्यावरच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून एक घरगुती स्टुडिओ केला. मावशीच्या घरी मी दोन माइक लावले होते, एक तिच्या डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये दीड हाताचं अंतर. घरी येऊन हेडफोनवर ऐकलं तेव्हा मी खूश होतो. जातं इकडे, मावशी तिकडे, मागे परसात कोंबड्या. सगळं घर कानांत उभं राहत होतं. मग बिघडलं कुठे?

मंडपवाल्याने काहीच चूक केली नव्हती. कर्णा एकच असतो. डावा आणि उजवा असे दोन्ही प्रवाह त्याच्या यंत्रात एकत्र झाले. मावशीचं तोंड एका माइकपासून दुसऱ्याच्या मानाने सतरा सेंटिमीटर लांब असेल, तर तिचा आवाज तिथे अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्हींची बेरीज केली की १००० हर्ट्झच्या आसपास एका माइकचा चढ दुसऱ्याच्या उतारावर बसतो आणि दोघे एकमेकांना खातात. तेच ३००० ला, तेच ५००० ला. माणसाचा आवाज ओळखू येतो तो याच पट्ट्यात. शिवाय मावशी दळत होती. खुंटा ओढताना तिचं अंग पुढे जायचं, ढकलताना मागे यायचं. अंतराचा फरक दहा सेंटिमीटर झाला की ती खाच १७०० हर्ट्झकडे सरकायची, आणि पुढच्या झोल्याला परत यायची. तिच्या श्रमाची लय माझ्या माइकांनी तिच्या आवाजावर करवतीसारखी चालवली होती. नुसत्या उजव्या माइकचा प्रवाह वेगळा काढल्यावर आवाज शाबूत निघाला. तो मी चार महिन्यांनी तिच्या मुलाला दिला. तेरावा काही परत येणार नव्हता.

त्यानंतरची दोनतीन वर्षं मी एकाच प्रश्नाच्या मागे होतो. दोन कानांनी ऐकावं असं मुद्रण करायचं, पण ते एका कर्ण्यावर वाजलं तरी माणसाचा आवाज मरू नये, असं काही आहे का? उत्तर सापडलं ते माझ्या जन्माच्या पुष्कळ आधीचं निघालं.

दोन कानांच्या ध्वनीची गोष्ट १८८१ पासून सांगायची पद्धत आहे. त्या वर्षी पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर या गृहस्थाने ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेने टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि तारांमधून तो खेळ प्रदर्शनाच्या इमारतीत ऐकवला. श्रोत्याच्या प्रत्येक कानाला वेगळी तार. गायक चालला की आवाज चालतो, हे लोकांनी तेव्हा प्रथम अनुभवलं. पण ती गंमत होती, तिचं शास्त्र नव्हतं. शास्त्र १९३० नंतर झालं, तेही समुद्राच्या दोन्ही काठांवर जवळजवळ एकाच वेळी, आणि दोन विरुद्ध वाटांनी.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने पडद्याची कल्पना धरली. वाद्यवृंदासमोर माइकांची ओळ, ऐकणाऱ्यांसमोर तेवढ्याच कर्ण्यांची ओळ. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजलेला वाद्यवृंद तीन वाहिन्यांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात उभा केला गेला. संचालक स्टोकोव्स्की स्वतः वॉशिंग्टनला बसून आवाजाची पातळी सांभाळत होता. थाट मोठा होता. पण माइक एकमेकांपासून दूर होते, म्हणजे माझ्या दीड हाताचंच ते थोरलं भावंड.

दुसरी वाट इंग्लंडातली. आपल्या घरातल्या जुन्या तबकड्यांवर कर्ण्यात डोकावणारं कुत्रं असतं, त्या ग्रामोफोन कंपनीचं आणि कोलंबियाचं १९३१ मध्ये एकत्रीकरण होऊन ईएमआय झाली. तिच्या हेज गावच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन ब्लमलाइन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा अभियंता होता. जन्म १९०३, लंडन. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं असं सांगितलं जातं. गणित मात्र येत होतं. पहिली नोकरी टेलिफोनच्या क्षेत्रातली. एका तारेतलं बोलणं शेजारच्या तारेत गळतं, ते कसं थांबवावं हे तिथलं काम. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. दोन तारांत जे सारखं आहे ते एकीकडे आणि जे वेगळं आहे ते दुसरीकडे काढायचं, ही सवय त्याला तिथे लागली असावी असा माझा तर्क आहे. पुढे १९३६ मध्ये त्याने दोन व्हॉल्व्हांची जी जोडणी पेटंट केली, तीही फक्त फरक वाढवणारी होती, आणि तिचे वंशज आजच्या जवळजवळ प्रत्येक ध्वनियंत्रात आहेत.

ब्लमलाइन पत्नीबरोबर सिनेमाला गेला होता आणि पडद्यावरचा नट एका टोकाला असूनही आवाज मधल्या कर्ण्यातूनच येतो याचा त्याला राग आला, ही आख्यायिका सगळे सांगतात. मीही सांगतो, कारण ती खोटी वाटत नाही. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज केला. जून १९३३ मध्ये ते मंजूर झालं, क्रमांक ३९४३२५, त्यात सत्तर दावे. 'स्टिरिओ' हा शब्द तो वापरत नाही, 'बायनॉरल' म्हणतो, म्हणजे दोन कानांचा. या पेटंटच्या पोटात एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा येते: दोन माइक जवळजवळ एकाच जागी ठेवा, आणि त्यांच्या प्रवाहांची बेरीज व वजाबाकी करून त्यांच्याशी काम करा.

माइक एकाच जागी असले की आवाज दोघांपर्यंत एकाच क्षणी पोचतो. फरक उरतो तो फक्त जोराचा. वेळेचा फरक नाही म्हणजे बेरजेत खाच नाही. मावशीच्या आवाजाला झालेला रोग इथे मुळातच होऊ शकत नाही.

जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोडच्या स्टुडिओत थॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिककडून मोझार्टच्या 'ज्युपिटर' सिम्फनीची तालीम घेत होता, तिचं या पद्धतीने मुद्रण झालं. १९३५ मध्ये ब्लमलाइनने हेज स्थानकातून जाणाऱ्या आगगाड्यांचं चित्रण केलं, गाडी डावीकडून उजवीकडे जाते आणि तिचा आवाजही जातो. चित्रपट म्हणून त्यात काही नाही. तरीही मी तो किती वेळा पाहिला याची गणती नाही.

कंपनीने पुढे हा विषय बाजूला ठेवला. टेलिव्हिजनची घाई होती, ब्लमलाइनही तिकडे गेला, आणि मग युद्ध आलं. ७ जून १९४२ रोजी विमानातून जमीन पाहणाऱ्या एचटूएस या रडारची चाचणी घेताना हॅलिफॅक्स जातीचं बॉम्बफेकी विमान वेल्सच्या सीमेजवळ कोसळलं. आतले अकराही जण गेले. त्यात ब्लमलाइन होता आणि ईएमआयचेच त्याचे दोन सहकारी होते. तो अडतीस वर्षांचा होता, नावावर १२८ पेटंटं होती. रडारचं काम गुप्त, म्हणून त्याच्या मृत्यूची बातमीही युद्धकाळात दाबून ठेवली गेली.

त्याचं पेटंट १९५२ मध्ये संपलं. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५७-५८ मध्ये. म्हणजे ज्याने खाच कोरायची रीत लिहून ठेवली होती त्याच्या घरात तिचं काही यायचं नव्हतं.

त्या खाचेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट दिसते. एडिसनच्या नळकांड्यांवर सुई वरखाली चालायची, टेकडी आणि दरी. बर्लिनरच्या तबकडीवर ती डावीउजवीकडे चालायची. या दोन पंथांचं पंचवीसतीस वर्षं वैर होतं आणि त्यात बर्लिनरची तबकडी जिंकली. स्टिरिओच्या तबकडीत खाच व्ही अक्षराच्या आकाराची असते, दोन्ही भिंती पंचेचाळीस अंशांत कललेल्या, एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. आता दोन्ही आवाज सारखे असतील तर सुई नुसती आडवी हलते, बर्लिनरसारखी. दोन्ही विरुद्ध असतील तर नुसती वरखाली, एडिसनसारखी. म्हणजे आडव्या चालीत बेरीज असते आणि उभ्या चालीत वजाबाकी. हरलेला पंथ जिंकलेल्याच्या पोटात फरक होऊन राहिला.

बेरीज आणि वजाबाकीची हीच जोडी नंतर एफएम रेडिओने उचलली. अमेरिकेत १ जून १९६१ पासून स्टिरिओ प्रक्षेपण सुरू झालं. त्यात मुख्य लहरीवर डावा अधिक उजवा जातो आणि ३८ किलोहर्ट्झच्या उपलहरीवर डावा वजा उजवा. ज्याच्याकडे साधा संच आहे त्याला फक्त बेरीज ऐकू येते, आणि आपण काही गमावलं असं त्याला कळतही नाही. रेडिओवाल्यांना ही काळजी आधीपासूनच होती, कारण त्यांचा श्रोता एका कर्ण्याचाच. म्हणून १९५० च्या दशकात डॅनिश रेडिओचा होल्गर लॉरिड्सन हा अभियंता एक पाऊल पुढे गेला. बेरीज आणि वजाबाकी नंतर करायच्या, त्यापेक्षा माइकच तसे का लावू नयेत? एक माइक थेट गायकाकडे पाहणारा. दुसरा त्याच जागी, पण डावीउजवीकडे पाहणारा. इंग्रजीत याला मिड-साइड म्हणतात. मी माझ्या वहीत 'म' आणि 'ब' लिहितो, मध्य आणि बाजू. डावा म्हणजे म अधिक ब. उजवा म्हणजे म वजा ब. दोन्ही एकत्र केले तर ब निघून जातो आणि दोन म उरतात. वाणिज्य शाखेचा माणूस आणखी काय मागणार?

आता माइक निवडण्याचा प्रश्न. इथे मी चार पैसे आणि पुष्कळ महिने घालवले आहेत.

बाजूच्या माइकबाबत निवड नाही. तो दोन्ही बाजूंनी ऐकणारा आणि मध्ये बहिरा असाच लागतो. त्याला आठच्या आकड्याचा माइक म्हणतात, पण आपला ८ डोळ्यांपुढे आणून मी पहिले काही दिवस गोंधळलो होतो. तो आठ इंग्रजी, आणि आडवा पडलेला. दोन लाडू एकमेकांना चिकटवून ठेवावेत तसा. एका लाडवाचा प्रवाह धन, दुसऱ्याचा ऋण. धन बाजू डावीकडे ठेवायची, नाहीतर जातं आणि कोंबड्या जागा बदलतात. लाडवांच्या सांध्यात जी बहिरी रेघ आहे, ती नेमकी गायकाच्या तोंडावर यायला हवी. असा माइक दोन प्रकारे मिळतो. रिबन माइकमध्ये धातूची पातळ पट्टी दोन्हीकडून उघडी असते, त्यामुळे हा आकार त्याच्या घडणीतच असतो आणि बहिरी रेघ खोल असते. दुसरा प्रकार कंडेन्सरचा: पाठीला पाठ लावलेले दोन पडदे, आणि एकातून दुसरा वजा. ही कल्पना ब्राउनम्यूल आणि वेबर या जर्मन अभियंत्यांची, १९३५ ची. नॉयमानचा यू ४७ आणि एकेजीचा सी १२ हे गाजलेले माइक याच कुळातले.

मी आधी रिबन घेतला, सेकंडहँड. इतिहास वाचून माणूस भावुक होतो. पण रिबनचा प्रवाह फार क्षीण. बाजूच्या माइकला तसाही थेट आवाज मिळत नाही, मिळतात ते भिंतींवरून परतलेले अवशेष. ते वर आणायला माझ्या स्वस्त प्रीअॅम्पला साठसत्तर डेसिबल ढकलावं लागलं, आणि दळणाच्या मागे पाऊस लागल्यासारखी खरखर आली. बासरीवाला मित्र म्हणाला, सुंदर आहे, पण पाऊस कुठून आला? मोठ्याने वाजणाऱ्या संबळीला किंवा ढोलकीला रिबन उत्तम, पहाटेच्या ओवीला नाही, निदान माझ्या यंत्रावर नाही. रिबन विकून मी तीन आकार देणारा मोठ्या पडद्याचा कंडेन्सर घेतला. त्याची स्वतःची खरखर कमी आहे. बाजूचा माइक निवडताना मी आता हाच आकडा आधी पाहतो.

मध्याला मात्र मोकळीक आहे. विड्याच्या पानाच्या आकाराने ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड माइक लावला तर मागचं बहुतेक गाळलं जातं. चहूकडून ऐकणारा ओम्नी लावला तर म अधिक ब हे गणित डावीकडे तोंड केलेलं एक पान देतं आणि म वजा ब उजवीकडे तोंड केलेलं दुसरं. पुढचं आणि मागचं सारखंच ऐकू येतं. मध्यालाही आठचाच आकार दिला आणि पातळी सारखी ठेवली, तर निघतात पंचेचाळीस अंशांत कललेले दोन आठ, म्हणजे थेट ब्लमलाइनने सांगितलेली जोडी. कागदावर साइन-कोसाइन मांडून हे मी पडताळलं त्या रात्री मला झोप आली नाही. लॉरिड्सनची रीत आणि ब्लमलाइनची रीत ही एकच वस्तू होती, फक्त पंचेचाळीस अंश वळवलेली.

माझ्या माळ्यावर पत्र्याचा आणि रस्त्याचा त्रास, म्हणून तिथे कार्डिऑइडच. गावातल्या मातीच्या भिंतींच्या घरात ओम्नी लावावा असं मला वाटत होतं: आवाज भरीव येतो, जवळ गेलं की वाढणारा बोजड खर्ज येत नाही. पण मागे गोठा होता आणि म्हशीचं मत वेगळं होतं.

दोन्ही माइक एकाच कंपनीचे, जुळे हवेत का, असं मला अनेक जण विचारतात. एक्स-वाय नावाच्या जोडीत ते लागतात, कारण तिथे एक डावा आणि एक उजवा असतो. त्यांच्यात उन्नीसबीस झालं तर गायक एका बाजूला कलतो. इथे मध्याचा रंग हा गायकाचा रंग, आणि बाजूचा रंग खोलीचा. ते थोडे वेगळे चालतात. जागा मात्र एकच हवी. एकावर एक, पडद्यावर पडदा, जितके जवळ येतील तितके. दोघे उभ्या रेषेत असल्याने समोरून येणाऱ्या आवाजाला ते एकाच अंतरावर असतात. खालून किंवा वरून येणाऱ्या आवाजाला नसतात. दळणारी बाई जमिनीवर बसते, म्हणून माझा स्टँड आता गुडघ्याएवढा असतो. उभ्या गायकाच्या उंचीवर तो ठेवून एक सकाळ मी वाया घालवली आहे.

बाकीचं संगणकावर. ब चा प्रवाह दोनदा घ्यायचा, दुसऱ्याची उलटापालट करायची, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, म मध्ये. ब वाढवला की खोली रुंदावते, फार वाढवला की डोकं भणभणतं. ही रुंदी मुद्रणाच्या वेळी ठरवावी लागत नाही, महिन्याने ठरवली तरी चालते. दीड हातांच्या मांडणीत मी जे ठरवलं होतं ते कायमचं झालं होतं.

गेल्या माघात मी पुन्हा त्याच घरी गेलो. मावशीची थोरली सून, माझी वहिनी, तिच्या सासूच्या ओव्या जाणते. आता घरी दळण गिरणीतून येतं, पण जातं आहे. तिने जोंधळ्याची वैरण घातली, खुंट्याला हात लावला आणि माइकांकडे पाहून थांबली.

"भावजी, ह्यो एक माज्याकडं बगतोय. दुसरा भित्तीकडं कशाला बगतोय?"

"तो घर ऐकतोय, वहिनी."

तिने अर्धा तास दळलं. तिचंही अंग पुढेमागे झुलत होतं. दुपारी पडवीत मी आधी फोनच्या एकाच बारक्या कर्ण्यावर लावलं. आवाज सरळ आला, कुठे पोकळ नाही, झोल्याबरोबर सरकणारं काही नाही. मावशीची धाकटी बहीण आता नव्वदीला आली आहे, ती भिंतीला टेकून बसली होती. तिने मान हलवली, बोलली काही नाही. मग हेडफोन तिच्या कानांवर ठेवून मी म बंद केला आणि नुसता ब लावला. त्यात वहिनीचा आवाज जवळजवळ नाहीच, बहिरी रेघ नीट बसली होती. कौलांवरून परतलेली घरघर, परसातल्या कोंबड्या, गोठ्यातली साखळी, आणि कुठूनतरी ओवीचं नुसतं शेपूट. म्हातारीने बराच वेळ डोळे मिटून ऐकलं, मग हेडफोनवर हात ठेवून मला विचारलं, "ही कंची बाजू? माजघराची का गोठ्याची?"

दोन्हींची होती. मी तिला तसं सांगितलं.